वजन रेझिनमध्ये असतं

मे महिन्यात सकाळी अकराच्या पुढे मी रेझिनमध्ये हार्डनर घालत नाही. डोंबिवली एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्याला वर पत्रा आहे. दुपारी त्याखाली पारा चाळिशीला टेकतो आणि एरवी वीस मिनिटं हाताशी राहणारं रेझिन सात-आठ मिनिटांत दह्यासारखं धरतं. म्हणून कॉलेजच्या मुलांना मी सकाळी सहाची वेळ देतो. ठाण्याहून, कल्याणहून पहिल्या लोकल पकडून ती येतात. कुणाच्या पाठीवरच्या सॅकमध्ये कात्री आणि ब्रश असतात, कुणाच्या डब्यात पोहे. आठच्या आत हात धुऊन मोकळं व्हायचं, असा नियम आहे.

ही मुलं रेसिंग कार बनवतात. एका माणसाची, उघड्या चाकांची, फॉर्म्युला जातीची छोटी गाडी. जगभर ‘फॉर्म्युला स्टुडंट’ नावाने इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांच्या स्पर्धा होतात. आपल्याकडे सुप्रा एसएईइंडिया ही स्पर्धा २०११ पासून आहे, आणि फॉर्म्युला भारत कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर भरते. मुंबईतली पवईची आयआयटी बॉम्बे रेसिंग आणि विद्याविहारच्या सोमय्या महाविद्यालयाची ओरायन रेसिंग इंडिया ही या क्षेत्रातली जुनी नावं. पण ठाणे-कल्याणच्या पट्ट्यातल्या लहान कॉलेजांतूनही दरवर्षी मुलं वर्गणी काढून, घरून पैसे आणून, प्रायोजकांचे उंबरे झिजवून गाडी उभी करतात. जमलेले पैसे इंजिनात, टायरमध्ये, शॉक अॅब्झॉर्बरमध्ये जातात. इंजिन बहुतेकदा चाकणच्या बजाज कारखान्यात बनणाऱ्या केटीएम ३९० मोटारसायकलचं. अंगावरचं कवच, म्हणजे पुढचं नाक, बाजूचे पंख, मागचं झाकण, हे सगळ्यात शेवटी आठवतं. तोवर खिशात फारसं काही उरलेलं नसतं. मग कुणीतरी सांगतं, फायबरमध्ये करून घ्या, स्वस्त पडतं आणि हलकंही होतं.

स्वस्त पडतं, हे खरं. हलकं होतंच असं नाही, आणि हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

आमचा गाळा रासायनिक कारखान्यांसाठी काम करतो. अॅसिडच्या टाक्या, धूर धुऊन काढणारे स्क्रबर, वाफा वाहून नेणारे डक्ट. लोखंडाला जे आम्ल महिन्याभरात खातं, त्याला फायबर वर्षानुवर्षं दाद देत नाही. त्या कामात जाडी म्हणजे इमान. शंका आली की कारागीर आणखी एक मॅट मारतो, वरून रेझिनचा हात फिरवतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. काही वर्षांपूर्वी चार मुलं नाकाचं चित्र घेऊन पहिल्यांदा आली, तेव्हा आम्ही त्याच सवयीनं त्यांचं नाक केलं. वर चकचकीत जेलकोट, आत साडेचारशेच्या दोन मॅट, कडेला तिसरी, मग लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घासलं आणि रंग मारला. दिसायला देखणं झालं. भंगारवाल्याचा काटा मागवून तोललं, तर ४ किलो ८०० ग्रॅम. त्यातल्या एका मुलीने वहीत आकडा लिहिला आणि म्हणाली, “काका, याहून अॅल्युमिनियमचा पत्रा हलका पडला असता.”

रात्री मी हिशेब मांडला. तिचं म्हणणं बरोबर होतं.

ज्याला आपण सरसकट फायबर म्हणतो त्यात दोन पदार्थ असतात. एक काचेचे धागे, दुसरं त्यांना धरून ठेवणारं रेझिन, म्हणजे राळ. बाजारात मिळणारी सर्वांत स्वस्त काच म्हणजे चॉप्ड मॅट. साधारण दोन इंच लांबीचे तुकडे वेडेवाकडे पसरून, हलक्या डिंकाने चिकटवून केलेली चटई. ती चौरस मीटरच्या वजनावर ओळखतात. तीनशेची, साडेचारशेची, सहाशेची, म्हणजे तितके ग्रॅम. हे तुकडे कुठल्याही शिस्तीत नसल्यामुळे त्यांच्यामध्ये पोकळ्या पुष्कळ, आणि प्रत्येक पोकळी रेझिन पिते. एक किलो मॅट हाताने भिजवायला अडीच किलोच्या आसपास रेझिन लागतं. म्हणजे साडेचारशेची एक मॅट चौरस मीटरला ४५० ग्रॅम काच आणि अकराशे ग्रॅमच्या वर रेझिन घेऊन बसते. दोन मॅट मारल्या की चौरस मीटरला तीन किलोच्या वर गेलोच. एक मिलिमीटर जाडीचा अॅल्युमिनियमचा पत्रा चौरस मीटरला २.७ किलो भरतो. ०.८ मिलिमीटरचा लोखंडी पत्रा ६.३ किलो. आमचं फायबर लोखंडापेक्षा हलकं खरं, पण अॅल्युमिनियमपेक्षा जड, आणि जेलकोट, लांबी, रंग यांचं वजन त्यात अजून धरलेलंच नाही.

तेव्हापासून मी मुलांना पहिल्या दिवशी हेच सांगतो. ताकद काचेत असते, वजन रेझिनमध्ये. काच निम्मी झाली तर पॅनेल फाटेल. पण काचेला भिजवून उरलेलं जे रेझिन आहे, ते गाडीत बसून फुकट प्रवास करतं. काच चिकटेल इतकंच रेझिन, त्यावर एक चमचाही नको.

आता काही किलोंचा एवढा घोर कशाला, असं कुणी विचारेल. अशी गाडी साधारण सव्वादोनशे ते अडीचशे किलोची असते. तिच्या अंगावरून आठ-दहा किलो उतरले तर तेवढ्याच इंजिनात ती जास्त चपळ पळते, हा झाला सरळ हिशेब. पण नाकाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. कावड घेऊन चालणारा माणूस आठवा. दोन्ही टोकांना पाण्याचे हंडे असताना त्याला गर्रकन वळता येत नाही. तेवढंच वजन पाठीला बांधलं तर तो सहज वळतो. वजन तेच, पण ते शरीरापासून किती लांब आहे यावर वळणं अवलंबून असतं. नाक हा गाडीचा पुढचा हंडा आहे. या स्पर्धांचा मार्ग शंकूंमधून सापासारखा वळत जातो, लांब सरळ धाव तिथे फारशी नसतेच. तिथे नाकावरचा एक किलो सीटखालच्या एका किलोपेक्षा कितीतरी महाग पडतो.

मग पातळ करायचं, तर ते वाऱ्याने थरथरतं, हाताने दाबलं की आत जातं. पॅनेल वाकायला किती विरोध करतं हे जाडीच्या घनावर ठरतं. जाडी निम्मी केली की कडकपणा एक अष्टमांश उरतो. हा आकडा ऐकून मुलं घाबरतात आणि पुन्हा मॅटच्या रोलकडे हात नेतात. अशा वेळी मी त्यांना पत्रावळ आणि द्रोण आठवायला सांगतो. पान तेच. सपाट पत्रावळ एका बाजूने उचलली की लवते. त्याच पानाला चार ठिकाणी मुडपून द्रोण केला की त्यात गरम आमटी राहते. पानात काही वाढलं नाही, आकार वाढला. मोटारीच्या पॅनेललाही हाच न्याय लागतो. सपाट भाग ठेवायचाच नाही. जिथे सपाट भाग टाळता येत नाही, तिथे एक हलकी घडी, एक उठाव, कडेला इंचभर आत वळलेली पाळ द्यायची. तरीही लवत असेल तर आतून फासळी घालायची. अर्धा चिरलेला पातळ पीव्हीसी पाइप किंवा पुठ्ठ्याची नळी आत ठेवून तिच्यावर कापडाची एक पट्टी मारली की बोटभर फासळी तयार होते. तिचं वजन पन्नास-साठ ग्रॅम, आणि हातभर लांबीचं पॅनेल ती ताठ करते.

पत्रा वाकवून हे करता येत नाही का? एका दिशेने वाकवता येतं. पण नाकासारखा, दोन्ही दिशांनी गोल होत गेलेला आकार पत्र्यातून काढायचा तर ठोकून-ताणून काढणारा कसलेला हात लागतो, नाहीतर लाखोंची डाय. फायबरला साचा पुरतो. म्हणूनच थोड्या गाड्या करणाऱ्यांनी ते उचललं. अमेरिकेत १९५३ साली शेवरलेट कॉर्व्हेट फायबरच्या अंगाने आली, तेव्हा पहिल्या वर्षी जेमतेम ३०० गाड्या झाल्या. इतक्या कमी गाड्यांसाठी पोलादाच्या डाय परवडल्या नसत्या. १९५७ च्या लोटस एलिटमध्ये तर वेगळी चौकटच नव्हती, फायबरचं कवच हाच सांगाडा होता. आपल्याकडे बंगळुरूच्या सिपानीने १९८२ मध्ये डॉल्फिन ही छोटी फायबरची गाडी काढली. रस्त्यावर ती फार चालली नाही, पण वजनाने हलकी म्हणून शर्यतवाल्यांनी ती उचलली. आणि खऱ्या अर्थाने गरिबाची रेसिंग कार म्हणावी ती कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांची. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी मारुती ८०० चं इंजिन बसवून एकट्या चालकाची फॉर्म्युला मारुती उभी केली, वर फायबरचं कवच घातलं, आणि परदेशी गाडी न परवडणाऱ्या पोरांना शर्यतीत उतरण्याची वाट करून दिली. १९९५ मध्ये विमान अपघातात ते गेले. आमची मुलं टेम्पोत गाडी घालून ज्या ट्रॅकवर जातात, त्या करी मोटर स्पीडवेला त्यांचंच नाव आहे. हे मी मुलांना मुद्दाम सांगतो. आपण ज्या मातीवर उभं राहणार, ती कुणी कसली हे ठाऊक असलेलं बरं.

काच आणि रेझिनही दुरून आणावं लागत नाही. तळोज्याला काचधाग्यांचा कारखाना आहे, गोव्यात कोलवाळला आणखी एक. रेझिन, हार्डनर, मेण, पिगमेंट मस्जिद बंदरच्या बाजारात मिळतं, एमआयडीसीतही मिळतं. मोटारी बनवण्याचीही या भागाला सवय आहे. नव्वदच्या दशकात प्रीमियरच्या कल्याण-डोंबिवलीच्या कारखान्यातून प्यूजो ३०९ बाहेर पडत होती. माल आणि हात, दोन्ही इथलेच आहेत. फक्त हाताला सवय बदलावी लागते.

खरं काम पॅटर्नपासून सुरू होतं. पॅटर्न म्हणजे जसं पॅनेल हवं तशीच हुबेहूब, भरीव वस्तू. त्याच्यावरून उलटा साचा निघतो आणि साच्यातून सुलटं पॅनेल. हे आपल्या लोकांना समजवावं लागत नाही, कारण पेणचा मूर्तिकार पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आला आहे. आधी शाडूची मूर्ती, तिच्यावरून साचा, साच्यातून शेकडो गणपती. फरक इतकाच, की गणपतीच्या पोटावर थोडा उंचसखलपणा राहिला तर रंगात झाकला जातो. गाडीच्या नाकावर दिवा पडला की केसाएवढी लाट दिसते.

स्वस्तातला पॅटर्न थर्माकोलचा. मुलं कापून, घासून सुरेख आकार काढतात. एका वर्षी मी दुसऱ्या कामात होतो आणि पोरांनी रात्री जागून केलेल्या थर्माकोलवर थेट पॉलिएस्टर रेझिन ओतलं. दोन मिनिटांत थर्माकोल आतल्या आत विरघळू लागला. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं आणि थर्माकोल म्हणजे त्याच स्टायरीनची फुगवलेली साखळी. साखर पाण्यात जावी तसा तो त्यात जातो. पंधरा दिवसांची मेहनत डोळ्यांसमोर खचली. एका मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी अजून विसरलेलो नाही. आता थर्माकोलवर आधी प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ थर किंवा कागद आणि फेव्हिकॉलचे दोन हात, ते पूर्ण सुकल्यावर लांबी, आणि मगच पुढचं काम.

पॅटर्न घासण्याला सर्वांत जास्त वेळ द्या, असं माझं आग्रहाचं सांगणं असतं. ऐंशीच्या पेपरपासून सुरुवात, मग एकशेवीस, दोनशेवीस, चारशे, आणि शेवटी पाण्याबरोबर हजारचा वॉटर पेपर. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही. डोळे मिटून तळहात फिरवायचा, खड्डा हाताला कळतो. पॅटर्न आरशासारखा झाला तर साचा आरशासारखा निघतो, आणि साचा तसा असेल तर पॅनेलवर लांबी भरावी लागत नाही. लांबी हे मेलेलं वजन. कारखान्यातले लोक ती किलोने फासतात आणि मग रंगाचे चार हात देतात. पहिल्या नाकावर नुसती लांबी आणि रंग मिळून सहाशे ग्रॅम चढले होते.

साचा मात्र जाड हवा. हलकेपणाचा हट्ट साच्यात धरायचा नाही. पॅनेलच्या तिप्पट-चौपट जाडी, मागे लाकडी किंवा पाइपच्या फासळ्या. साचा वाकडा झाला तर त्यातून येणारं प्रत्येक पॅनेल वाकडं येणार. नाकासारखा खाली आत वळणारा आकार असेल तर साचा दोन भागांत करायचा, मध्ये पाळ ठेवून नट-बोल्टने जोडायचा. नाहीतर आत केलेलं नाक बाहेरच येत नाही.

आणि मेण. साध्या फर्निचरच्या मेणाच्या पॉलिशनेही काम होतं. नव्या साच्याला सहा-सात हात द्यावे लागतात. प्रत्येक हात गोल गोल चोळून लावायचा, सुकू द्यायचा, मऊ कापडाने पुसून चमकवायचा, तासभर थांबायचं, मग पुढचा. त्यावर पाण्यात विरघळणाऱ्या पीव्हीएचा पातळ थर. जुलैमधल्या एका दिवशी हवा ओलीचिंब होती, पीव्हीए सुकलं की नाही हे न पाहता मी घाईने पुढे गेलो. पॅनेल साच्याला असं बसलं की पाचर ठोकताना साच्याचाच तुकडा निघाला. तो साचा पुन्हा करायला तीन आठवडे गेले. घाई माझी होती, किंमत मुलांनी मोजली.

पावसाळा हा या कामाचा शत्रू. काचेची मॅट हवेतला ओलावा धरते आणि ओल्या मॅटवर रेझिन नीट चिकटत नाही. भिजलेली मॅट पारदर्शक व्हायला हवी, ती दुधाळ राहते. आमच्याकडे मॅटचे रोल लाकडी कपाटात आहेत आणि जून ते सप्टेंबर कपाटात साठ वॉटचा जुना पिवळा दिवा जळतो. एलईडी तिथे उपयोगी नाही, आम्हाला उजेड नको आहे, ऊब हवी आहे.

आता सकाळी सहाचं काम. दुसऱ्या नाकाच्या वेळी आम्ही जेलकोट गाळला. जेलकोट हा साच्यात प्रथम मारायचा दाट, रंगीत रेझिनचा थर, टाकीला आणि होडीला तो हवाच. पण तो चौरस मीटरला सहा-सातशे ग्रॅम खातो आणि ताकद शून्य देतो. त्याऐवजी आम्ही अगदी झिरझिरीत सरफेस टिश्यू, मग तीनशेची एक मॅट, आणि तिच्यावर दोनशे ग्रॅमचं विणलेलं काचकापड घेतलं. विणलेल्या कापडात धागे ताठ आणि जवळ जवळ असतात, ते स्वतःच्या वजनाइतकंच रेझिन घेतं. मॅट आकार धरते, कापड ताकद देतं. हिशेब केला तर चौरस मीटरला दीड किलो. पूर्वीच्या निम्मं.

रेझिन काट्यावर तोलून घ्यायचं, अंदाजाने नाही. काच किती ग्रॅम हे आधी मोजलेलं, त्यावरून रेझिन किती लागणार हे फळ्यावर लिहिलेलं. तेवढंच मगमध्ये यायचं, आणि ते संपलं की नवं मिळणार नाही. हार्डनर शेकडा एक ते दोन, गरमीत एकच्या जवळ, थंडीत दोनच्या. रेझिन एका खोल डब्यात साठवून ठेवलं तर ते स्वतःच्या उष्णतेने तापत जातं, धूर येतो, डबा वितळतो. उथळ थाळीत पसरून घेतलं की ती ऊब निघून जाते आणि पाच मिनिटं जास्त मिळतात.

ब्रशने ओढायचं नाही, ठोकायचं. ओढलं की मॅटचे धागे सरकून एका जागी गोळा होतात. मग खाचांचा लोखंडी रोलर, आतून बाहेर, हळूहळू. हवेचे पांढरे ठिपके कडेकडे पळताना दिसतात, जास्तीचं रेझिनही त्यांच्याबरोबर कडेला येतं. ते पुसून घ्यायचं. इथे मुलांचा धीर सुटतो. ओली, चकाकती मॅट पाहिली की त्यांना बरं वाटतं, जरा कोरडी दिसली की भीती वाटते. “काका, अजून एक हात मारू?” हा प्रश्न प्रत्येक वर्षी, प्रत्येक पॅनेलला येतो. धाग्यांची वीण वरून हाताला लागली पाहिजे, काचेसारखा गुळगुळीत थर वर तरंगता कामा नये. तो तरंगत असेल तर तुम्ही वजन विकत घेतलंत.

तासा-दीड तासाने ते चामड्यासारखं होतं, ना ओलं ना कडक. तेवढ्या वेळात धारदार कटरने कडा कापून घ्यायच्या. हा क्षण चुकला तर दुसऱ्या दिवशी ग्राइंडर लावावा लागतो आणि काचेची धूळ अख्ख्या गाळ्यात उडते. ती अंगात शिरली की दोन दिवस खाज जात नाही. आधी गार पाण्याने धुवायचं. अंगावरची खाज जाते, छातीत गेलेली धूळ निघत नाही. मास्क कापडी नको, रेझिनच्या वाफेसाठी कोळशाच्या काडतुसाचा हवा आणि धुळीसाठी धुळीचा.

हार्डनरबद्दल मात्र मी जरा कडक बोलतो. तो मिथाइल इथाइल किटोन पेरॉक्साइड असतो. एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्म्याशिवाय बाटलीचं झाकण उघडायचं नाही. थेंब गेलाच तर एक सेकंद न घालवता पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरायचा आणि लगेच डॉक्टर गाठायचा. रेझिन लवकर धरावं म्हणून त्यात निळं-जांभळं कोबाल्ट असतं. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधी मिसळायचे नाहीत, भडका उडतो. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर. दोन्ही बाटल्या एका फळीवरही ठेवायच्या नाहीत. डोंबिवलीकराला हे वेगळं पटवायला नको. २६ मे २०१६ ला आपल्या एमआयडीसीत स्फोट झाला, २३ मे २०२४ ला पुन्हा झाला, आणि दुसऱ्या वेळी त्या कारखान्यात पेरॉक्साइड वर्गातली रसायनं हाताळली जात होती असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. त्या दुपारी आमच्या खिडकीच्या काचा हादरल्या. माणसं गेली. आमच्या गाळ्यातली हार्डनरची बाटली अर्ध्या किलोची असते, पण जात तीच आहे. ती सावलीत, थंड जागी, गरजेपुरतीच ठेवायची. आणि उरलेलं रेझिन, कापलेल्या कडा जाळायच्या नाहीत. कचऱ्याच्या धुराने काय होतं हे आधारवाडीच्या कचरा डेपोच्या आसपास राहिलेल्या कल्याणकरांना विचारा.

पॅनेल साच्यात निदान एक दिवस राहू द्यावं. पॉलिएस्टर धरताना आकसतं, कोवळं काढलं तर पिळवटतं. लाकडी पाचर कडेने हलके हलके सरकवायच्या, मध्ये थोडं पाणी सोडायचं. पाणी पीव्हीए विरघळवत आत जातं आणि एका क्षणी ‘पटक’ असा आवाज येतो. त्या आवाजासाठी मुलं श्वास रोखून उभी असतात. मीही असतो.

ज्यांना आणखी खाली जायचं त्यांच्यासाठी इपॉक्सी आणि व्हॅक्यूम आहे. ओल्या पॅनेलवर प्लास्टिकची पिशवी घालून कडा सीलबंद करायच्या आणि आतली हवा ओढून घ्यायची. जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर हे काम बऱ्यापैकी करतो. पूर्ण निर्वात झालं तर हवा चौरस मीटरवर दहा टनांनी दाबते, फ्रिजच्या कॉम्प्रेसरने निम्मं साधलं तरी पाच टन. जास्तीचं रेझिन वरच्या सच्छिद्र कापडात पिळून निघतं. दोनशेच्या कापडाचे दोन थर इपॉक्सीत असे बसवले तर चौरस मीटरला आठशे ग्रॅम पडतात. पॉलिएस्टरला फार ओढ लावू नये, त्यातलं स्टायरीन उकळून बुडबुडे होतात. इपॉक्सी महाग आहे, कार्बन त्याहून कित्येक पट महाग. माझं मत असं, की पहिली दोन वर्षं मुलांनी मॅट, कापड आणि वजनकाटा यांवरच हात बसवावा. ज्याला रेझिन आवरता येत नाही, त्याच्या हातात कार्बनही जडच होतो.

बसवताना थोडं नियमांकडे पाहावं लागतं. या स्पर्धांत माणसाला धडकू शकणारी पुढची प्रत्येक कड किमान ३८ मिलिमीटर त्रिज्येने गोल असावी लागते. टोकदार नाक कितीही सुंदर असलं तरी तपासणीत बाद होतं. पॅटर्न बनवतानाच हे धरलं नाही तर पुढे काहीच करता येत नाही. चालक आणि इंजिन यांच्यामधली आग अडवणारी भिंत आमच्या फायबरची चालत नाही. पॉलिएस्टर जळतं, तिथे आगीला दाद न देणारा पदार्थच हवा. सायलेन्सरजवळ पॅनेलला मोकळी जागा आणि आतून अॅल्युमिनियमचा कागद द्यायचा, कारण साधं रेझिन सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं. जिथे स्क्रू येणार तिथे भोकाभोवती कापडाचे दोन जादा तुकडे आणि मोठा वॉशर. फायबर नेहमी भोकापासून फाटतं. पॅनेल धरणारी कळ अर्ध्या वळणात उघडणारी असेल तर उत्तम. ट्रॅकवर बिघाड झाला की नाक सेकंदांत निघालं पाहिजे.

दुसरं नाक साच्यातून निघालं, कडा घासल्या, दोन फासळ्या बसल्या, रंगाचा एकच पातळ हात दिला. भंगारवाल्याचा तोच काटा मागवला. २ किलो १०० ग्रॅम. आकडे लिहिणारी ती मुलगी तेव्हा शेवटच्या वर्षाला होती. तिने नाक उलटं केलं आणि आतल्या बाजूला, जिथे काचेची वीण उघडी दिसते, तिथे काळ्या मार्करने तारीख आणि वजन लिहिलं. तेव्हापासून आमच्या गाळ्यातून जाणाऱ्या प्रत्येक पॅनेलच्या पोटात वजन लिहिलेलं असतं. साचा मेण लावून, जुन्या चादरीत गुंडाळून वर माळ्यावर उभा ठेवला आहे. यंदाची मुलं नोव्हेंबरमध्ये येतील तेव्हा तो खाली उतरेल, आणि मागच्या वर्षीचा आकडा फळ्यावर आधीच लिहिलेला असेल: १ किलो ९५०.